भिंतीतले राळे

खिडकी आधी आली, तिची जागा नंतर ठरायची होती. आधी म्हैस आणायची आणि मग गोठ्याला जागा शोधायची, ही महिपतीच्या घराण्याची जुनीच रीत. महिपती गेला तरी रीत काही गेली नाही. त्याच्या थोरल्या लेकानं, हिंदुरावानं, गिरणीतून येता येता कुठल्याशा पाडलेल्या बंगल्याची खिडकी पसंत केली, हातगाडीवर घातली आणि अंगणात आणून भिंतीला टेकवून ठेवली. सागवानी चौकट, दोन झडपा, मध्ये लोखंडी गज. मग तो पाय धुऊन जेवायला बसला, जणू उरलेलं काम खिडकीच करून घेणार होती.

त्याची बायको सोजरबाई भाकरी थापायची सोडून उठली. पिठाचे हात तसेच धरून तिनं कोपरानं झडप ढकलली आणि गजातून डोकावून पाहिलं. पलीकडे अंगणाचीच भिंत दिसली. तिला हसू आलं. तरी जाता-येता चार दिवस ती त्या खिडकीतून डोकावत राहिली. दुपारच्या उन्हात भिंतीचे पोपडे दिसत, सकाळी एखादी मुंगळ्यांची रांग. खिडकीतून बघितलं की रोजची भिंतसुद्धा निराळी दिसते, हे तिला नवीनच कळलं होतं.

खिडकी हवी होती मागच्या खोलीला. सगळे तिला बाळंतिणीची खोली म्हणत. एका बाजूला स्वयंपाकघर, एका बाजूला धान्याची कोठी, पुढे माजघर. बाहेरची अशी एकच भिंत, तीही बोळाकडची, सलग, भोक म्हणून नाही. आई लहानपणीच गेलेली, म्हणून सोजरबाईची बाळंतपणं माहेरी वळसंगला न होता सासरीच झाली, ह्याच खोलीत. बाजेखाली शेगडी, दार लोटलेलं, फटीत चिंध्या कोंबलेल्या. दोन लेकरं झाली आणि दोन्ही बारसं पाहायच्या आत गेली. आता तिसरं पोटात होतं. सिद्धेश्वराच्या जत्रेचा गड्डा उठून गेला होता, ऊन चावायला लागलं होतं, आणि शिमग्याच्या मागंपुढं तिचे दिवस भरणार होते. दवाखान्यातल्या नर्सबाई घरी येऊन खोली बघून गेल्या. त्यांनी कपाळाला हात लावला आणि हिंदुरावाला बाजूला घेऊन सांगितलं की इथं मोठ्या माणसाचा जीव कोंडतो, कोवळं लेकरू काय जगेल. ह्या भिंतीला आधी खिडकी पाडा. म्हणून ती खिडकी.

सोजरबाईला प्रश्न विचारायची खोड होती. तिचा बाप म्हणायचा, ही पोरगी देवाला सुद्धा विचारंल, नैवेद्यात मीठ कमी पडलं का म्हणून. हिंदुराव नेमका उलट. गिरणीत मुकादमानं दुसऱ्या साच्यावर उभं केलं तर का म्हणून विचारणार नाही, ताटात पिठलं पडलं तरी का म्हणून विचारणार नाही. त्यामुळे तो मुन्शीपाल्टीच्या कचेरीतून आला, तेव्हा घरात त्याची झडती घ्यायला एकटी सोजरबाईच होती.

त्यानं आठवेल तसं सांगितलं. जुनी खिडकी किंवा दार काढून त्याच जागी नवं बसवायचं असलं तर नुसतं कळवायचं, काम करायचं. पण सलग भिंत नव्यानं फोडायची असली तर ओव्हरसीयर येऊन बघणार, समोरच्या घरवाल्याला विचारणार, त्याची हरकत नसली तरच मंजुरी. आणि खालच्या मजल्याची झडप बोळावर उघडायची नाही, आत उघडायची.

"आत का?" सोजरबाईनं विचारलं.

"नियम हाय."

"नियमाला कायतरी कारण असंल की."

हिंदुरावानं कान खाजवला. जाणाऱ्या-येणाऱ्याच्या टाळक्यात बसू नये म्हणून असेल, असं तो विचार करून म्हणाला. सोजरबाईला ते फार आवडलं. कुठंतरी कचेरीत बसून कुणीतरी ह्या एवढ्याशा बोळातून जाणाऱ्यांच्या डोक्यांची काळजी केली होती. मग नव्या खिडकीला हरकत आणि जुन्या खिडकीला नाही, असं का, हेही तिनं विचारलं. जुन्या खिडकीची समोरच्याला सवय झालेली असते, एवढंच कारण दोघांना सुचलं.

समोरचा म्हणजे ईश्वरप्पा. बोळाच्या पलीकडे त्याचं घर, बोळ एवढा अरुंद की दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं भिंतीला पाठ लावायची. म्हातारा, कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, महिपतीचा जन्माचा दोस्त. तो काही हरकत घेणार नाही, असं सगळे धरून चालले होते.

हरकत घरातूनच आली. सारजाबाईनं, सोजरबाईच्या सासूनं, खिडकी आली त्या दिवशी ताट बाजूला सारलं होतं. कचेरीचं ऐकल्यावर ती एवढंच म्हणाली, "त्या भितीला हात लावायचा न्हाय."

कारण विचारलं तर रोज नवं. कधी ती दिशा वाईट, कधी बोळातल्या बाया बाळंतिणीला बघतील, कधी भिंत जुनी आहे, अंगावर येईल. धाकटा कुंडलिक आईच्या बाजूचा. त्याचं म्हणणं, आधी वरच्या माळवदाची गळती बघा, वारा काय फुकटचा दारातूनही येतो. घरात दोन तट पडले. एका बाजूला सारजाबाई आणि कुंडलिक, दुसऱ्या बाजूला सोजरबाई, आणि मध्ये हिंदुराव. दोन्हीकडं मान हलवायचा आणि कामाला जायचा.

सासू दुष्ट होती म्हणावं, तर तसंही नव्हतं. सोजरबाईच्या पहिल्या लेकराला मातीआड केलं त्या दिवशी सारजाबाईनं तिचं डोकं मांडीवर घेऊन दिवस काढला होता. दुसरं गेलं तेव्हा म्हातारी चार दिवस तिच्या बाजेशी बसून होती. मग उठून त्या खोलीची भिंत नव्यानं सारवली, एक चीरसुद्धा राहू दिली नाही. सोजरबाईला तेव्हाही वाटलं होतं, की भिंत सारवून काय व्हायचंय. पण तो प्रश्न विचारायचं तिला बळ नव्हतं.

सारजाबाईच्या गळ्यात साध्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा एक टाक असायचा, सवतीचा. महिपतीची थोरली बायको फुलाबाई, सारजाबाईची सख्खी मोठी बहीण. ती गेल्यावर धाकटीला त्याच घरात दिलेलं. सणासुदीचं नवं लुगडं आधी त्या टाकाला दाखवायचं, मग अंगाला लावायचं, गोडधोडाचा पहिला घास त्याला. सोजरबाईनं लग्नाच्या वर्षीच विचारून घेतलं होतं, थोरल्या आत्याबाई कशानं गेल्या. "प्लेगात," सासूनं सांगितलं होतं. "पोटातलं बी गेलं." आणि तिनं टाक पदराआड घातला होता. त्यावर आणखी विचारू नये, हे सोजरबाईलाही कळलं.

ओव्हरसीयर यायच्या आधी चौकटीची जागा आखून ठेवावी म्हणून हिंदुरावानं गुंडा गवंड्याला बोलावलं. सारजाबाई तेव्हा काशम्माकडे, ईश्वरप्पाच्या बायकोकडे, शेंगा फोडायला गेलेली. गुंडानं बोटाच्या पेरानं भिंत ठोकून पाहिली. एका बाजूला ठोकलं, मुका आवाज. दुसऱ्या बाजूला, तसाच. मधोमध ठोकलं आणि तो थांबला. पुन्हा ठोकलं. सोजरबाईनं पोट सांभाळत जवळ येऊन भिंतीला कान लावला आणि स्वतः ठोकून पाहिलं. मधला आवाज निराळा होता, पोकळ म्हणता येणार नाही, पण हलका.

गुंडानं थापीनं सारवण खरवडलं. आजूबाजूची भिंत दगडाची होती, आणि मध्ये कच्च्या विटा, चिखलात बसवलेल्या, घाईघाईनं, वेड्यावाकड्या. खालपासून छातीपर्यंत, माणूस वाकून जाईल एवढा तुकडा. हे काम गवंड्याचं नव्हे, असं गुंडा म्हणाला. कुणीतरी हातानं चोंदलंय. त्यानं थापीचं टोक सांध्यात घातलं, तसा चिखल सुटला आणि त्यातून काहीतरी बारीक सळसळत खाली आलं.

सोजरबाईनं ओंजळ धरली. राळे होते. वाळून हलके झालेले, पिवळे, चिमूटभर नव्हे, चांगले मूठभर. दुसऱ्या सांध्यात टोक घातलं, तिथूनही आले. भिंतीत धान्य कुणी भरतं का? गुंडा म्हणाला, उंदरानं नेलं असेल. पण उंदीर काय विटा रचून मग मध्ये दाणे पेरतो?

त्याच वेळी कुंडलिक आत आला आणि त्याचा तट जागच्या जागी फिरला. भिंत चोंदलेली आहे म्हटल्यावर त्याला एकच गोष्ट दिसली: बापानं प्लेगाच्या धामधुमीत काहीतरी पुरून ठेवलं. "वैनी, मी म्हणतच हुतो, खिडकी पायजेच," तो म्हणाला, आणि चाळण आणून जमिनीवर पडलेले राळे चाळायला बसला. चाळणीत राहिले ते मातीचे दोन खडे. तरी त्याचा उत्साह गेला नाही. खिडकी जरा मोठीच पाडू, असं तो गुंडाला सांगत होता, एवढ्यात दारात सारजाबाई उभी राहिली.

ती ओरडली नाही. तिनं गुंडाला घरी जायला सांगितलं, कुंडलिकाच्या हातातली चाळण काढून घेतली आणि खाली बसून दाणा दाणा वेचायला लागली. सोजरबाई मदतीला वाकली तर तिनं हात आडवा धरला. वेचून झालेले राळे तिनं पुन्हा विटांच्या फटीत घातले आणि वरून ओला चिखल लिंपला. कुठं फट राहिली नाही ना, हे तिनं बोटांनी पुन्हा पुन्हा चाचपून पाहिलं. सोजरबाईनं सासूला भाजलेलं पाहिलं होतं, रडताना पाहिलं होतं, पण भ्यालेलं कधी पाहिलं नव्हतं. आणि आता काही झालं तरी हे कळलंच पाहिजे, असं तिला वाटलं. नुसत्या खोडीनं नव्हे. आपली दोन लेकरं ह्याच भिंतीशेजारी गेली होती.

दुसऱ्या दिवशी ती काशम्माकडे गेली. ताक मागायचं निमित्त केलं आणि बोलता बोलता विचारलं, त्या भिंतीला पूर्वी कधी दार होतं का. काशम्माचा हात रवीवरच थांबला. "ब्याड, सोजर, ब्याड," ती कानडीतच नको म्हणाली. "पोटुशी बाईनं असलं काय इचारू न्हाय." आणि तिनं भांडं काठोकाठ भरून दिलं. एवढं ताक ती एरवी कुणाला देत नसे.

गुंडानं मात्र वाटेत गाठून एक कामाची गोष्ट सांगितली. तिथं पूर्वी भोक होतं असं ठरलं, तर ओव्हरसीयरच्या लेखी ती नवी खिडकी नाही, जुनंच उघडणं आहे. मग समोरच्याच्या हरकतीवर अडत नाही. फक्त कुणीतरी जाणत्यानं पुढं होऊन सांगायला हवं. सोजरबाई मनाशी हिशेब करत घरी आली. जाणतं म्हणजे कोण? महिपती गेलेला. राहिले दोघंच, ईश्वरप्पा आणि सारजाबाई.

ओव्हरसीयर आला तो सकाळचा, डोक्यावर टोपी, हातात फीत, बरोबर फितीचं दुसरं टोक धरायला शिपाई. माणूस सज्जन होता. चपला बाहेर काढून आत आला, बाळंतिणीच्या खोलीत वाकून शिरला आणि शिरताच खोकला. त्यानं बोळ मोजला, भिंत मोजली, अंगणात टेकलेली खिडकी मोजली. खिडकी आधी घेऊन ठेवल्याबद्दल हिंदुरावाकडं बघून जरासा हसला. तिच्या झडपा बाहेर उघडणाऱ्या होत्या. बिजागऱ्या फिरवून घ्याव्या लागतील, असं त्यानं बजावलं. मग बोळात उभं राहून त्यानं ईश्वरप्पाला हाक मारली.

ईश्वरप्पा रुमाल बांधून आला. आपली हरकत आहे, असं त्यानं सांगितलं. समोर आमची न्हाणी आहे, घरात लेकीसुना आहेत. हिंदुराव त्याच्या तोंडाकडं बघतच राहिला. ह्याच माणसानं त्याला खांद्यावर बसवून सिद्धेश्वराची जत्रा दाखवली होती, आणि त्याच्या न्हाणीला तर पुरुषभर भिंत होती.

ओव्हरसीयरच्याही ते ध्यानात आलं असावं. तो पुन्हा आत गेला. सारजाबाईनं लिंपलेला चिखल वाळून त्याचा आकार उमटला होता, दगडाच्या भिंतीत विटांचा उभा तुकडा. इथं पूर्वी काही होतं का, त्यानं ईश्वरप्पाला विचारलं.

"न्हाय," ईश्वरप्पा म्हणाला. "मी ह्याच बोळात जन्मलो. हितं कधी काय नव्हतं."

हे म्हणताना तो ओव्हरसीयरकडं बघत नव्हता. तो सारजाबाईकडं बघत होता, आणि सारजाबाई जमिनीकडं. सोजरबाई दाराला टेकून उभी होती. तिला दोघांमधली ती नजर दिसली आणि एक गोष्ट लख्ख कळली: हा म्हातारा आपल्यासाठी खोटं बोलत नाही, सासूसाठी बोलतोय. ओव्हरसीयर फीत गुंडाळायला लागला. समोरच्याची हरकत आणि जुन्याचा पुरावा नाही, म्हणजे मंजुरी अवघड आहे, असं तो हिंदुरावाला समजावत होता. हिंदुराव मान हलवत होता. फीत पुरी गुंडाळली गेली की संपलं, हे सोजरबाईला दिसत होतं. शिमगा काही कुणासाठी थांबणार नव्हता.

परक्या पुरुषांपुढे बोलायची रीत नव्हती. तिनं पदर सावरला आणि सासूच्या पुढ्यात जाऊन खाली बसली.

"आत्याबाई," ती म्हणाली, "माजी दोन लेकरं ह्या भितीच्या आत गेली. तिसरं बी हितंच यायचं हाय. ही भीत कशाची हाय ते मला कळाय नको?"

सारजाबाईनं वर पाहिलं. तिची नजर सुनेच्या पोटावर गेली. मग ती भिंतीला धरून उठली. कुंडलिक हात द्यायला पुढं झाला, तो तिनं घेतला नाही.

"सायेब," ती म्हणाली, "हुतं हितं. खिडकी न्हवती, दार बी न्हवतं. भोक हुतं, माणूस न्ह्यायापुरतं."

ओव्हरसीयरला कळलं नाही. माणूस भिंतीतून कशाला न्यायचा, त्यानं विचारलं. मग सारजाबाईनं सांगितलं, आणि सगळं त्या भिंतीलाच सांगत असल्यासारखं सांगितलं. बाळंतीण मेली तर तिला उंबऱ्यावरून नेत नाहीत. उंबऱ्याची वाट तिच्या ओळखीची. लेकराच्या ओढीनं ती माघारी येणार. म्हणून भिंत फोडून न्यायची आणि पाठोपाठ चोंदून टाकायची, चिखलात राळे कालवून. आत यायचं तर तिनं आधी दाणा न् दाणा वेचला पाहिजे, आणि ते काही वेचून होत नाही. प्लेगाचे दिवस होते. पेठ ओस पडली होती, माणसं रानात झोपड्या घालून राहिली होती. फुलाबाईला खांदा द्यायला महिपती आणि समोरचा ईश्वरप्पा, दोघंच होते.

सोजरबाईच्या मनात जे आलं ते तिच्या तोंडून निघूनही गेलं. "लेकराच्या वढीनं? पर थोरल्या आत्याबाईंचं लेकरू तर पोटातच..."

पुढचे शब्द तिनं गिळले. पण प्रश्न विचारून झाला होता.

"जगलं त्ये," सारजाबाई म्हणाली.

आणि तिनं हिंदुरावाकडं पाहिलं.

घराण्यातली सगळ्यात मोठी गोष्ट अशी ओव्हरसीयरच्या देखत, शिपायाच्या देखत उघडी पडली. कुंडलिकाचं तोंड उघडंच राहिलं. सारजाबाई थांबली नाही. इतकी वर्षं थांबली होती, तेवढं पुरे झालं होतं. आपण तेव्हा बहिणीच्या बाळंतपणाला म्हणून आलेली अडाणी पोर होतो, असं ती म्हणाली. एका मांडीवर लेकरू ठेवलं आणि शेजारच्या म्हातारीनं सांगितलं तसा ह्या हातांनी चिखल कालवला. राळे आपणच टाकले. आक्का ज्या लेकरासाठी मेली, त्याच लेकराकडं तिनं येऊ नये म्हणून टाकले. नंतर महिपतीनं ईश्वरप्पाला शपथ घातली; पोराला सांगायचं नाही, ते हिलाच आई म्हणून वाढू दे. आपल्या माहेरी पुढं कितीतरी वर्षं कुणी गेलंच नाही. गेले तेव्हा पोर आपला पदर धरून चालत होतं. कुणी विचारलं नाही, आपण सांगितलं नाही.

"सोजरची गेली तवा मला वाटलं, आक्काच न्हेतीया. मी तिचं लेकरू घेतलं, ती माजी नातवंडं घेतीया. म्हून भीत लिंपत बसले." तिनं कोरडे ओठ पुसले. "बंद ठेवून बी दोन गेलीच की. आता उगडा."

ईश्वरप्पानं डोक्यावरचा रुमाल काढून हातात घेतला. महिपतीला शब्द दिला होता, असं तो म्हणाला. आता सारजाबाईच बोलल्या, आपण सुटलो. हरकत नाही, कसलीच नाही. रुमाल न बांधताच तो वळून बोळातून आपल्या घरात गेला.

ओव्हरसीयरनं टोपी काढून पुन्हा घातली. असल्या वेळी काय बोलायचं, हे कुठल्या नियमात नव्हतं. मग तो हळू आवाजात म्हणाला, की जुनं उघडतंय, समोरच्याची हरकतही राहिली नाही, तेव्हा मंजुरीला अडचण दिसत नाही. काम सुरू करायला तो निरोप पाठवेल. "झडपा तेवढ्या आत उघडणाऱ्या," असं त्यानं जाता जाता पुन्हा सांगितलं, आणि शिपायाला घेऊन तो निघाला. कुंडलिक त्यांना पोचवायच्या निमित्तानं बाहेर पडला तो परत आत आलाच नाही. सोजरबाईला नंतर तो अंगणात खिडकीपाशी बसलेला दिसला, डोळे पुसत.

खोलीत तिघं राहिली. सारजाबाई बाजेच्या कडेला टेकली होती. ती आता भुताला भीत नव्हती, हे सोजरबाईला तिच्या तोंडावरून कळत होतं. तिला भीती होती ती समोर उभ्या असलेल्या ह्या जाडजूड, अबोल माणसाची. तो आता तिला काय म्हणणार? मावशी म्हणणार? सारजाबाईनं पदराआडचा टाक मुठीत धरला होता आणि ती वाट बघत होती. सोजरबाईला तिची एवढी दया आली की नवऱ्याला गदागदा हलवून बोलतं करावं, असं वाटलं.

हिंदुराव भिंतीपाशी गेला. विटांच्या त्या तुकड्यावरून त्यानं हात फिरवला, वरपासून खालपर्यंत. एका फटीत नखानं खरवडलं. चार दाणे निघाले, ते त्यानं तळहातावर घेतले आणि तिथंच उभा राहून बघत बसला. जन्मात ज्यानं कुणाला कधी का म्हणून विचारलं नव्हतं, तो माणूस काहीतरी शब्द जुळवत होता.

"आये," तो म्हणाला, "ती दिसाय कशी हुती?"

त्यातला पहिलाच शब्द सारजाबाईच्या कानात राहिला असावा, कारण बाकीच्याचं उत्तर द्यायला तिला फार वेळ लागला. डोळे भरून वाहायला लागले, ते तिनं पुसलेसुद्धा नाहीत. मग तिनं गळ्यातला टाक काढून त्याच्या हातावर ठेवला, राळ्यांच्या शेजारी. तो उलटसुलट करून बघायला लागला.

"त्याच्यावर न्हाय दिसायची ती," सारजाबाई म्हणाली. "सोनारानं नुसतं बाईचं चित्तर ठोकलंय. बस हितं."

तो तिच्या पायाशी बसला. सोजरबाईच्या तोंडाशी नाना प्रश्न आले होते, पण तिनं एकही विचारला नाही.

"उंच हुती," सारजाबाई सांगायला लागली. "तुज्याच खांद्यांची. जेवताना मान खाली, पान पुसून उठायची. आन कुणाला कदी काय इचारायची न्हाय. मीच मेली तिचं डोकं खायाची, ह्ये का, आन त्ये का म्हून."